दुसरा अंतरा

माझे मिस्टर गाणी करायचे, हे गांधीबागेतल्या त्यांच्या दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं. नागपुरातलं एका सेठचं ठोक कापडाचं दुकान. दिवसभर उभं राहून व्यापाऱ्यांसमोर थान उलगडायचं, भाव सांगायचा, पुन्हा घडी घालायची. लग्नाच्या आधीपासून ते हेच काम करत होते. गाणी मात्र घरी, आणि तीही रविवारी. आठवड्याचे शर्ट इस्त्री करताना ते गुणगुणायला लागायचे आणि जेवणापर्यंत एखादी ओळ जमून यायची. लिहून कधी ठेवली नाही. पेटी येत नव्हती, तबला येत नव्हता. पुढच्या रविवारी ओळ आठवली तर ती चांगली, नाही आठवली तर तिच्यात काही नव्हतं, असं त्यांचं साधं गणित होतं.

ते मूळचे उमरेडचे. घराण्यात हातमाग होता. पुढे रेडिओवर त्यांची ओळख करून देताना, मागाचा ताल यांच्या गाण्यात उतरला आहे, असं काहीतरी सांगितलं गेलं. ते ऐकून आम्ही दोघंही हसलो होतो. ते शाळेत असतानाच माग मोडून विकला होता आणि सासरे खाणीकडे कामाला लागले होते. त्यांच्या गाण्यात माग नव्हताच. गाण्यात होती एसटी. सवड मिळाली की ते आईवडिलांना भेटायला उमरेडला जायचे आणि बहुतेक वेळा उभ्यानेच जायचे. त्यांचं जे गाणं मला सगळ्यात आवडायचं ते त्या गाडीचंच होतं.

उमरेडच्या गाडीत जागा नाई,
उभ्या उभ्या लागली झोप गा.
कंडक्टर म्हने, आलं तुहं गाव,
मी म्हनलं, थोडी अजून हाक गा.

पहिल्या अंतऱ्यात गाडीतली माणसं येतात. दुसऱ्या अंतऱ्यात गाव मागे पडतं, गाडी पुढे जात राहते आणि हा माणूस उतरतच नाही. तिथे 'रस्ता' या शब्दाशी ते थांबायचे आणि त्यातला शेवटचा आ वर वर नेत जायचे. कुठपर्यंत नेतील याचा अंदाज यायचा नाही. मला सुरांतलं काही कळत नाही, पण त्या जागी माझ्या हातातलं काम थांबायचं.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मशीनशेजारी रेडिओ दिवसभर चालू असतो. एका सकाळी आमच्या नागपूरच्या एका खाजगी स्टेशनवरची मुलगी सांगू लागली की ज्यांच्यामागे कुठलीही म्युझिक कंपनी नाही, ज्यांना कोणी ऐकलेलं नाही, अशा विदर्भातल्या गाणाऱ्यांना त्यांचं स्टेशन शोधतंय. अट एकच, गाणं स्वतःचं पाहिजे. सिनेमाचं चालणार नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, निवडलेल्यांना आम्ही आमच्या स्टुडिओत बोलावून गाणं रेकॉर्ड करू आणि रेडिओवर वाजवू. ती हे दर तासाला सांगत होती. मला वाटलं, ती आमच्याच घराबद्दल बोलतेय.

रविवारी मी त्यांना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, "आपलं कोन आयकते वं? त्यांले हिंदी पाहिजे." मी म्हटलं की तिने भाषेचं काही सांगितलं नाही. मग त्यांनी शर्ट घडी केला, खिडकी लावून घेतली आणि मी फोन धरला. मुखडा आणि पहिला अंतरा झाला तेवढ्यात खाली भाजीवाल्याची गाडी भोंगा वाजवत आली. राहू दे, तेवढं पुरे, असं म्हणून ते पुन्हा इस्त्रीला लागले. मी तेवढंच पाठवलं.

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी त्या मुलीचाच फोन आला. रेडिओवरचा आवाज थेट आपल्याशी बोलतोय म्हटल्यावर मी आधी मशीनशेजारचा रेडिओ बंद केला. ती म्हणाली, गाण्यांचा नुसता पाऊस पडलाय, पण निम्म्याहून जास्त लोकांनी सिनेमाचीच गाणी पाठवली आहेत. उरलेल्यांत बरीच भजनं. स्वतःचं, नवं, असं फार थोड्यांकडे आहे. ती स्वतः एकेक ऐकते, मग स्टेशनचे साहेब ऐकतात. आमचं गाडीचं गाणं दोघांनाही आवडलं होतं. "ताई, दादांचा आवाज कुठे होता आतापर्यंत?" तिने विचारलं. मी म्हटलं, गांधीबागेत.

त्यांना दुकानात फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, संध्याकाळी बोलू, गिऱ्हाईक हाय.

आता मला त्यांच्या खर्ऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्या शहरात पानठेल्यावर चहासारखा मिळतो. दुकानातले सगळेच खायचे. दिवसभर उभं राहायचं, बोलायचं, भूक मारायची, म्हणून तो लागला आणि राहिला. लग्नानंतर मी भांडले, शपथा घातल्या, मग सवय झाली. त्याआधीच्या वर्षभरात त्यांना तिखट सोसेनासं झालं होतं. सावजीचा झणझणीत रस्सा बोटं चाटत खाणारा माणूस वरणातली मिरची काढून ठेवायला लागला. पाणीपुरीच्या ठेल्यावर ते पुरी फोडून खायचे, कारण ती आख्खी तोंडात जात नव्हती. मी तेव्हा त्यावर हसलेसुद्धा. तोंड आलंय, पोटात उष्णता आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. मेडिकलमधून जेल आणायचं, लावायचं. त्यानेही कधीकधी बरं वाटायचं.

स्टुडिओत मी सोबत गेले. मला वाटलं होतं मोठा हॉल असेल. ती एक छोटी खोली होती, भिंतींना जाड फोम, मध्ये काच. एसी इतका की मी पदर अंगाभोवती घेतला. काचेच्या आत ते एकटे, कानांवर हेडफोन, आणि ओठांच्या अगदी जवळ माइक. काचेच्या या बाजूला यंत्रावर रेकॉर्डिंग करणारा मुलगा, ती रेडिओवरची मुलगी आणि मी. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की आधी नुसता आवाज घेतील, गिटार नंतर बसवतील.

मुखडा पहिल्याच खेपेला छान झाला. मुलगी माझ्याकडे बघून हसली. पहिल्या अंतऱ्यात रेकॉर्डिंगवाल्याने थांबवलं. काही शब्द दबून येत होते. त्याने त्यांना बटण दाबून सांगितलं, "दादा, जरा तोंड मोठं उघडा ना. आवाज आतच राहून राहिला." त्यांनी मान हलवली. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तो चांगला मुलगा होता, चिडला नाही. माइक थोडा खाली केला, मग बाजूला केला. पहिला अंतरा कसाबसा पास झाला.

दुसऱ्या अंतऱ्यात 'रस्ता' आला. ते वर चढायला लागले आणि मला काचेतून दिसलं की त्यांचा जबडा थरथरतोय आणि पुढे उघडतच नाही. आवाज वर जायला बघत होता आणि तोंड त्याला वाट देत नव्हतं. ते थांबले, पाणी प्यायले, गालाला हात लावला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडलं. मग त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि चाल बदलली. जिथे वर जायचं तिथे ते खाली उतरले. 'रस्ता' अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखा म्हणून टाकला. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, हे पण मस्त वाटतंय, वेगळंच. ते रेकॉर्ड झालं.

बाहेर आल्यावर ते चेहरा धुवायला गेले. तेवढ्यात ती मुलगी मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलली. तिच्या मामांचंही तोंड असंच उघडेनासं झालं होतं, खर्ऱ्याने. तिने एवढंच विचारलं की डॉक्टरांना दाखवलं का. मी म्हटलं, तोंड आलंय. ती म्हणाली, "ताई, धंतोलीतल्या हॉस्पिटलात नेऊन दाखवा. माझ्यासाठी दाखवा." मामांचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

त्यांच्या तोंडाशी त्या माइकइतकं जवळ कोणी कधी आलंच नव्हतं. दुकानात व्यापाऱ्यांना ऐकू आलं की झालं, घरी मला कळलं की झालं.

गाणं वाजलं त्या आठवड्यात आम्ही आनंदातच होतो, ते खोटं कशाला बोलू. रोज सकाळी आणि संध्याकाळी एकदा लागायचं. त्यांच्या सेठनी दुकानात रेडिओ मोठा करून लावला आणि आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला, हे आमच्या माणसाचं आहे, म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीतल्या बायका मशीनजवळ येऊन बसल्या. उमरेडला स्टेशन नीट लागत नाही, म्हणून मी फोन रेडिओजवळ धरला आणि पलीकडे सासूबाई ऐकत राहिल्या. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, खरखर लय होती, पन त्याचाच आवाज होता. सासरे मागून काहीतरी बोलत होते ते समजलं नाही.

दुसरा अंतरा लागला की ते दरवेळी उठून आत जायचे. मी एकदा विचारलं, काहून जाता उठून. म्हणाले, "तो माहा नोहे वं. तो तिथं कसातरी करून टाकला."

त्याच आठवड्यात मी त्यांना धंतोलीत नेलं. तिथल्या त्या गल्ल्यांत हॉस्पिटलला हॉस्पिटल लागून आहे. बाहेर गाड्या उभ्या, खेड्यांवरून आलेली माणसं पिशव्या घेऊन पायऱ्यांवर बसलेली. आम्हीही तसेच बसलो. डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि आपली बोटं आडवी घालून पाहिली. तीन जायला हवी होती, दोनच गेली. मग टॉर्च घेऊन आतला गाल बघितला आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. आतली कातडी दोरीसारखी कडक झाली होती, ते एक. पण मागच्या दाढेपाशी एक चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. डॉक्टरांनी ते सरळ सांगितलं, फिरवून सांगितलं नाही. गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागेल, मग रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. उशीर केला तर जास्त काढावं लागेल. मी विचारलं, ऑपरेशननंतर गाता येईल का. डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. बहुतेक हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मग म्हणाले, "आधी जेवता येऊ द्या."

तारीख ठरायची होती तेव्हाच मुलीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. स्टेशनने निवडलेली सगळी गाणी मुंबईच्या एका म्युझिक कंपनीच्या लोकांना ऐकवली होती. या सगळ्या खटाटोपाचा तोच उद्देश होता. त्यांनी दोनच गाणी उचलली, त्यात एक आमचं होतं. त्यांना दादांना मुंबईला बोलवायचं होतं, आणखी गाणी ऐकायची होती. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, आणि शेवटी तिला ऑपरेशनचं सांगितलं.

त्या संध्याकाळी ते डॉक्टरांकडे एकटेच गेले. आधी मुंबई, मग ऑपरेशन, असं करता येईल का, हे विचारायला. डॉक्टर नाही म्हणाले. परत आले, चपला काढल्या आणि दारातच बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "इतके वर्षं कोनी इचारलं नाई. आता इचारलं तं तोंड राहिलं नाई."

पुढचे दिवस रक्त देणारे शोधण्यात, उमरेडच्या माणसांना बोलावण्यात आणि तपासण्यांच्या रांगांत गेले. तुकडा काढलेल्या जागी टाके होते, बोलतानाही त्यांना कळ यायची. गाण्याचा विषय घरात कोणी काढला नाही. त्यांनीही नाही.

ऑपरेशन झालं. छातीवरची कातडी घेऊन गालाला लावली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात कुठे ठेवावा ते समजलं नाही, म्हणून पायावर ठेवला. नाकातून नळी, गळ्यात नळी. घरी आल्यावर शेक सुरू झाले. रोज जायचं, रोज यायचं. मानेची कातडी काळी पडली, तोंडात थुंकी राहिली नाही, चव गेली. बोलणं मला तेवढं समजायचं, बाकीच्यांना मी सांगायची. आणि आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, काही जणांचा शेकांमुळे असा होतो, हळूहळू थोडा येईल. एकदा आंघोळीच्या वेळी मला आतून घरघर ऐकू आली. मी दाराशी गेले. ते सूर लावून बघत होते. जे येत होतं ते वरही जात नव्हतं आणि खालीही. मी तशीच मागे फिरले.

मग ती मुलगी घरी आली. सोबत कंपनीने निवडलेलं दुसरं गाणं ज्याचं होतं तो गायक, पंचविशीचा, खांद्यावर छोटा कीबोर्ड. कंपनीने सुचवलं होतं की गाडीचं गाणं याच्याकडून गाऊन घ्यावं, गीत आणि संगीत म्हणून नाव यांचंच राहील. मुलीला हे सांगताना फार अवघड जात होतं. ते ऐकून मिस्टरांनी लगेच हो म्हणून हात वर केला. मला वाटलं, बरं झालं. निदान गाणं तरी कुठे पोहोचेल.

गायक मुलगा मनाने चांगला होता. त्याने त्यांच्या पायांना हात लावला आणि मुखडा गाऊन दाखवला. छान गायला. मिस्टर ऐकत होते, रुमालाने ओठाची लाळ पुसत होते. पहिला अंतराही त्याने बरोबर धरला. मग तो म्हणाला की दुसरा अंतरा कंपनीच्या लोकांना पडल्यासारखा वाटतोय, गाणं तिथे झोपतं. दादांच्या डोक्यात दुसरी काही चाल होती का?

मिस्टर सरळ होऊन बसले. माझ्याकडे बघून बोलले आणि मी सांगितलं, मूळ चाल वेगळी होती, 'रस्ता'वर ती वर जाते. मुलगा खूश झाला. म्हणाला, ऐकवा ना कसंही, मी धरतो. त्यांनी श्वास घेतला. घरघर आली. पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या, पुन्हा तेच. रेडिओवरची मुलगी खिडकीकडे बघायला लागली.

मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं. मी ते गाणं किती रविवार ऐकलं होतं. कानांत ते अजूनही होतं, आत्ताही आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शाळेतल्या प्रार्थनेसारखं काहीतरी निघालं. त्यांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. चुकतंय हे मलाही समजत होतं, बरोबर कसं करायचं ते येत नव्हतं. फोनवरचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं, ते पहिल्या अंतऱ्याशीच संपत होतं.

गायकाने कीबोर्ड मांडीवर घेतला. तो एकेक पट्टी दाबून वर जाऊ लागला आणि त्यांच्याकडे बघू लागला. इथे? नाही. इथे? ते हाताने हवेत दाखवत होते, असं वर, मग थोडं मागे, मग पुन्हा वर. त्याने तसं वाजवलं. नाही. दुसऱ्या तऱ्हेने वाजवलं. एकदा त्यांचे डोळे मोठे झाले, मला वाटलं सापडलं, पण पुढच्या सुराला त्यांनी हात झटकला. मुलाने कंटाळा केला नाही. चहा थंड झाला. बाहेर मुलं शाळेतून आली, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि तो वाजवतच होता. हळूहळू मला दिसायला लागलं की त्यांच्या स्वतःच्या कानातलीच चाल आता पुसत चालली आहे. इतके चुकीचे सूर ऐकल्यावर बरोबर कोणता, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. त्यांचा हात हवेत वेगवेगळ्या वाटांनी जायला लागला.

शेवटी मुलाने काहीतरी वाजवलं. वर जाणारं होतं, गोड होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली, हो. ते नव्हतं, मला ऐकताच कळलं. मी काही बोलले नाही. मुलगा समाधानाने तेच पुन्हा पुन्हा वाजवून पक्कं करत राहिला आणि जाताना पुन्हा पाया पडला.

गाणं निघालं. मुलीने मोबाईलवर लिंक पाठवली. त्यात 'तुहं गाव'चं 'तुझं गाव' झालं आहे आणि मागे बासरी आहे. मी एकदा ऐकलं. त्यांनी लिंक उघडली नाही. फार लोकांनी ते ऐकलंय असं दिसत नाही. खाली कोणीतरी फुलं आणि हात जोडल्याच्या खुणा टाकल्या आहेत, त्यात बरेचसे आमचेच नातेवाईक. कंपनीचा पुन्हा फोन आला नाही. त्या स्टेशनवर आता दिवसभर मुंबईहूनच कार्यक्रम येतात आणि नवे गायक शोधण्याचं ते सगळं बंद झालं. मुलीने पुण्याला नोकरी धरली. अधूनमधून ती तब्येत विचारते. बरी आहे, असं मी कळवते.

मिस्टरांना सेठनी कामावर परत घेतलं, पण गिऱ्हाइकांसमोर नाही, गोदामात. तिथे बोलावं लागत नाही. ते तोंडाला गमछा बांधून जातात आणि येताना काढतात. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी दुसऱ्या गालावर टॉर्च बराच वेळ धरून ठेवला. मग फक्त, लवकर पुन्हा या, म्हणून सांगितलं. आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो आणि ऑटोची वाट बघत उभे राहिलो.